नाक कपाळाचे, हात पोटाचा

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने निघाले की खेडचा घाट चढल्यावर पेठ लागते. सातगाव पठारावरचे हे गाव पावसाळी बटाट्यासाठी ओळखले जाते. पुढे अवसरीचा घाट उतरला की मंचर, मग नारायणगाव, आणि तिथून आत वळले की शिवनेरीच्या पायथ्याचे जुन्नर. आंबेगाव आणि जुन्नर हे दोन्ही तालुके ऊस, कांदा, टोमॅटो आणि दुभत्या जनावरांचे. जिथे गोठा तिथे कडबाकुट्टी आलीच. पूर्वी चाक हाताने फिरवावे लागे. माणूस थांबला की यंत्र थांबे. विजेची मोटर बसली आणि यंत्राला थांबण्याची गरज उरली नाही. वैरणीची पेंढी पुढे सरकवता सरकवता बोटे रुळांत सापडली, तर रूळ हात आत ओढतात आणि पुढे पाती वाट पाहत असतात.

अशा अपघातातून वाचलेला हात घेऊन माणूस पुण्याच्या रुग्णालयात पोचतो. जखमेत बोटांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि हाडे उघडी पडलेली असतात. चार दिवसांनी भेटायला गेलेल्या नातेवाइकांना खाटेवर विचित्र दृश्य दिसते. हात पोटाला शिवलेला. वैद्यकीय भाषेत त्याला ‘अॅब्डॉमिनल फ्लॅप’ म्हणतात. घरी परतल्यावर सगळे एवढेच सांगतात, ‘हात पोटाला शिवलाय, तीन आठवडे तसाच ठेवायचाय.’

हातावर पोट असणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इथे वाक्प्रचार उलटा होतो. ज्याचे हातावर पोट, त्याचा हातच तीन आठवडे पोटावर जगतो. या उलट्या हिशोबाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे पान थेट पेशव्यांच्या पुण्यात लिहिले गेले.

*

सन १७९२. तिसरे इंग्रज–म्हैसूर युद्ध मार्चमधल्या श्रीरंगपट्टणच्या तहाने संपले. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र होते. मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौजा घेऊन गेले होते. त्या काळचे सैन्य बैलांवर चालत असे. धान्य, दारूगोळा, तंबू, तोफा, सारे काही बैलांनी ओढायचे. म्हणून शत्रूची रसद तोडायची तर बैलवाल्यांना गाठायचे. इंग्रजांच्या फौजेत असाच एक बैल हाकणारा माणूस होता. इंग्रजांनी त्याचे नाव ‘कावसजी’ असे लिहून ठेवले आणि शेतकरी जातीतला मराठा अशी ओळख दिली. तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला. त्याचे नाक कापले आणि एक हातही तोडला.

नाक कापणे ही तेव्हा माहीत असलेली शिक्षा होती. जीव जात नाही, पण अब्रू जाते. ‘नाक कापले गेले’ हे आपण आज सहज बोलतो, त्यामागे अशी खरी नाके आहेत. कावसजी त्याच अवस्थेत श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे कंपनी सरकारने त्याला पेन्शन बांधून दिले. बारा महिन्यांहून जास्त काळ तो नाकाशिवाय वावरला.

मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. साल १७९३, बहुधा मार्च महिना. पुण्यात तेव्हा सवाई माधवराव गादीवर होते आणि कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. उत्तरेतून आलेले महादजी शिंदे वानवडीला तळ देऊन होते. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांचे तिथेच निधन झाले. सत्तेच्या या गर्दीत कुठल्या तरी घरी किंवा अंगणात, भूल देण्याचे कुठलेही औषध नसताना, एका माणसाने दुसऱ्याच्या कपाळाची कातडी सोडवायला घेतली. ईथरची भूल जगाला मिळायला अजून त्रेपन्न वर्षे होती.

तो माणूस वैद्य नव्हता. इंग्रजी नोंदीत त्याची एकच ओळख आहे: विटा पाडणाऱ्या जातीतला. आपल्याकडच्या लेखकांनी त्याला पुढे कुंभारच म्हटले. नाव कुणी लिहिले नाही.

*

कृती मात्र तपशिलाने लिहिली गेली. मुंबई इलाख्यातले टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया पाहिली होती. त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेले एक पत्र ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले. पत्राखाली फक्त ‘बी. एल.’ अशी आद्याक्षरे होती. सोबत कावसजीचे चित्र होते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्या दिवसांत पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा तोच. शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, त्याने कावसजीला समोर बसवले.

कृती अशी. आधी मेणाची पातळ पट्टी नाकाच्या उरलेल्या खुंटावर दाबून नाकाचा आकार घडवायचा. मग ते मेण सपाट करून कपाळावर ठेवायचे आणि भोवती रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण सगळी नाही. दोन भुवयांच्या मधे एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची. नाकाच्या खुंटाची जुनी, वाळलेली कड खरवडून ताजी करायची, भोवती चीर द्यायची, कपाळाची कातडी खाली आणून अर्धा पीळ द्यायची आणि त्या चिरेत तिची कड बसवायची. टाके नाहीत. पाण्यात कालवलेला काथ कापडाच्या पट्ट्यांवर पसरून पाच-सहा थर चिकटवायचे. चार दिवसांनी ते काढून तुपात भिजवलेले कापड ठेवायचे. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि साधारण पंचविसाव्या दिवशी भुवयांमधली ती चिंचोळी पट्टी कापायची.

या साऱ्यात अक्कल आहे ती त्या पट्टीत. कातडी हे नुसते आवरण नाही, तिला रक्त लागते. पूर्ण कापून दुसरीकडे ठेवलेला जाड तुकडा काही तासांत काळवंडू लागतो. म्हणून त्याची जुनी रक्ताची वाट चालू ठेवायची, आणि तोवर नव्या जागेतून नव्या वाटा फुटू द्यायच्या. घर बदलताना जुन्या घरचा पाणीपुरवठा तोडण्याआधी नव्या घरी नळ येऊ द्यावा, तसे हे आहे. पत्र लिहिणाऱ्यालाही ही पट्टी रक्ताभिसरण टिकवते हे कळले होते. विटा पाडणाऱ्या माणसाने ते पुस्तकात वाचले नसेल. पण पट्टी कापायला तीन आठवड्यांहून जास्त थांबायचे, ही गोष्ट पिढ्यानुपिढ्यांच्या नजरेने त्याच्यापर्यंत आली होती.

पुस्तकही होतेच. सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची रीत आहे; तिथे झाडाच्या पानाच्या मापाने गालाची कातडी घ्यायला सांगितले आहे. पुण्याच्या माणसाने कपाळ घेतले. पानाच्या जागी मेण आले. माप घेऊन मग कापायचे, हा नियम तोच राहिला.

आपण आज जिला ‘प्लास्टिक सर्जरी’ म्हणतो, तिच्या नावाचा प्लास्टिकच्या बादलीशी काही संबंध नाही. शब्द ग्रीक आहे. ओल्या मातीला आकार देणे, घडवणे, हा त्याचा मूळ अर्थ. म्हणजे या शास्त्राचे नावच कुंभारकामाचे आहे, आणि पुण्यातला त्याचा कारागीर माती हाताळणाराच निघाला.

*

पत्र वाचून लंडनचे शल्यविशारद जोसेफ कार्प्यू विचारात पडले. आधी प्रेतांवर सराव केला. पत्र छापून आल्यावर वीस वर्षांनी, २३ ऑक्टोबर १८१४ रोजी त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला याच रीतीने नाक करून दिले, आणि १८१६ मध्ये अशा दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले. बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे यांचे नाक घडवण्यावरचे पुस्तक १८१८ चे. युरोपात ही विद्या अगदीच नवी होती असे नाही. बोलोन्याच्या गास्पारे तालियाकोत्सी यांनी १५९७ मध्ये दंडाची कातडी नाकाला जोडण्याची रीत सचित्र छापली होती. त्यात हात डोक्याशी बांधून रुग्णाला आठवडेच्या आठवडे राहावे लागे. ती रीत मागे पडली होती. पुण्याच्या वाटेने आलेल्या ‘भारतीय पद्धती’ने ते दार पुन्हा उघडले.

पण एक गोष्ट त्या पत्रात तशीच राहून गेली. कावसजीचे नाक परत आले. हाताचे काय?

हात नव्याने उगवत नाही. ते आजही कुणाला जमलेले नाही. पण तुटल्यावर उरलेला हात झाकून कामापुरता वाचवणे, हा प्रश्न वेगळा आहे. पंज्यावरची कातडी गेली आणि खाली हाड, कंडरा उघडे पडले, तर मांडीची पातळ साल सोलून वर चिकटवणे पुरत नाही. तशी साल पहिले दोन दिवस खालच्या जागेतून झिरपणाऱ्या रसावर तगते आणि मग तिच्यात रक्त शिरते. उघडे हाड आणि सुकलेली कंडरा तिला तो रस देऊ शकत नाहीत. तिथे स्वतःचे रक्त घेऊन येणारी कातडीच लागते, म्हणजे फ्लॅप. नाकासाठी कपाळ शेजारीच होते. हाताला असा शेजारी नाही. पण हात स्वतः चालून जाऊ शकतो, आणि जिथे सर्वांत जास्त कातडी शिल्लक आहे, जिथली जखम ओढून सरळ शिवता येते, जिथला व्रण धोतर-साडीखाली झाकला जातो, अशी जागा त्याच्या समोरच आहे. पोट.

*

पोटाच्या कातडीला खरी गती पहिल्या महायुद्धाने दिली. खंदकांतून चेहरा उडालेली माणसे परतू लागली. ओडेसाचे नेत्रतज्ज्ञ व्लादिमीर फिलातोव यांनी आणि इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात हॅरल्ड गिलीज यांनी १९१६–१७ च्या सुमारास, एकमेकांना न कळता, एकच युक्ती काढली. कातडीची लांब पट्टी दोन्ही टोकांना जोडलेली ठेवून मधला भाग नळीसारखा गुंडाळून शिवायचा. उघडी मागची बाजू आत गेली की जंतू लागण्याची भीती कमी होते. मग एक टोक सोडवून दुसरीकडे बसवायचे. पोटाची नळी आधी मनगटावर यायची, तिथे रुजली की पोटाकडचे टोक कापायचे आणि मनगट तोंडाशी न्यायचे. मनगट म्हणजे कातडीची बैलगाडी. प्रत्येक मुक्कामाला काही आठवडे. पूर्ण प्रवासाला महिने.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, शॉ आणि पेन या अमेरिकी शल्यविशारदांनी हाताच्या जखमांसाठी पोटाच्या खालच्या भागातली नळी एकाच टप्प्यात घ्यायची रीत मांडली. तिथल्या कातडीत वरवरून जाणारी एक ठरावीक रक्तवाहिनी असते, तिच्या रेषेत कापले तर लांब पट्टीही जगते. तोवरचा हिशोब अंदाजाचा होता: रुंदीपेक्षा लांबी फार वाढवू नये, नाहीतर टोक मरते. आता नकाशा हाती येऊ लागला. ग्लासगोच्या इयन मॅकग्रेगर आणि इयन जॅक्सन यांनी १९७२ मध्ये जांघेच्या वरची अशीच एक वाट दाखवली. ‘ग्रॉइन फ्लॅप’ म्हणून ती पुढे सगळीकडे हाताच्या अपघातांत वापरली गेली.

या उपायाची किंमत होती. तीन आठवडे खांदा आणि कोपर एकाच जागी आखडतात. झोपेत हात ओढला जाण्याची धास्ती. तंबाखू बंद, कारण ती रक्तवाहिन्या आवळते आणि आधीच उसन्या रक्तावर जगणाऱ्या तुकड्याचा गळा दाबते. आणि सगळे नीट पार पडल्यावर एक नवाच पेच: पोटाची कातडी पोटाची सवय सोडत नाही. तिच्याखाली चरबीचा जाड थर असतो. तो पंज्यावर आला की हात उशीसारखा फुगीर दिसतो, मूठ वळत नाही, विळा-खुरपे धरता येत नाही. पुढे माणसाचे वजन वाढले की पोटाबरोबर हाताची पाठही सुटते. मग पुन्हा भूल, पुन्हा चीर, चरबी काढण्याची दुसरी आणि तिसरी शस्त्रक्रिया. रोजंदारीच्या माणसाला हे परवडणारे नसते.

म्हणून प्रश्न आला: ही कातडी आधीच पातळ का घेऊ नये? भीती अशी की चरबी काढताना त्यातून जाणाऱ्या रक्तवाहिन्याही जातील. ल्यों शहरातल्या पॉल कोलसाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातासाठी चरबी काढून पातळ केलेल्या फ्लॅपची रीत १९६७ मध्ये मांडली. हिशोब असा होता. कातडीच्या अगदी खाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे एक दाट जाळे असते. ते जाळे आणि त्याला धरून ठेवणारा चरबीचा पातळसा पापुद्रा शाबूत ठेवला तर बाकीची चरबी छाटता येते. असा तुकडा अर्धा जुन्या देठावर, म्हणजे जोडून ठेवलेल्या पट्टीवर, जगतो आणि अर्धा मांडीच्या सालीसारखा खालच्या जागेतून रस ओढतो. देठ आहेच, पण त्याच्यावरचा भार कमी झाला.

*

आता मुंबईकडे. हुबळीत १९२२ साली जन्मलेले डॉ. नोशीर अंटिया इंग्लंडमध्ये गिलीज यांच्या हाताखाली शिकून परतले. पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी काम केले. इथे नाकाची गोष्ट पुन्हा भेटते, कारण कुष्ठरोगात नाक आतून बसते आणि माणूस गावाला नकोसा होतो. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा टाटा विभाग उभा केला.

त्या काळी जगभरच्या शल्यविशारदांना एकच स्वप्न पडत होते: देठच नको. कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट पूर्ण कापायची, दुसरीकडे न्यायची आणि तिथल्या रक्तवाहिनीला लगेच जोडून टाकायची. १९६० मध्ये अमेरिकेत ज्युलियस जेकबसन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अतिशय बारीक रक्तवाहिन्या जोडता येतात हे दाखवले होते. १९७१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ प्लास्टिक सर्जरी’त मुंबईहून गेलेला एक लेख छापला गेला, लेखक अंटिया आणि बुच. त्यांनी पोटाच्या कातडीचा आतला थर आणि त्याखालची चरबी एकत्र घेऊन तिच्या रक्तवाहिन्या थेट नव्या जागी जोडल्या होत्या. चेहऱ्यावरची खोलगट उणीव भरून काढण्यासाठी पोटाचा तुकडा गेला, आणि मधे ना मनगटाची बैलगाडी होती ना तीन आठवड्यांची पट्टी.

दोन वर्षांनी, १९७३ मध्ये, रोलिन डॅनियल आणि इयन टेलर यांनी मेलबर्नमधून जांघेवरच्या कातडीचा पूर्ण सुटा फ्लॅप पायावर बसवल्याचे प्रसिद्ध केले, आणि इतिहासाच्या ठळक ओळींत बहुतेक वेळा तीच नावे येतात. मुंबईचा तुकडा कातडीखाली पुरलेला होता, वरून दिसणारी कातडी नव्हती, असा फरक सांगता येतो. पण पोटाच्या तुकड्याचे देठ तोडून त्याला नव्या जागी जगवण्याच्या जगातल्या पहिल्या प्रयत्नांत जे. जे. रुग्णालय आहे, हे मुंबईकरांनाही फारसे ठाऊक नाही. पुण्याच्या कारागिराला निदान मासिकात जात तरी मिळाली होती.

पुढची पावले वेगाने पडली. जपानच्या इसाओ कोशिमा यांनी १९८९ मध्ये पोटाचा स्नायू न घेता, त्यातून वर येणाऱ्या एका बारीक फांदीवर कातडी उचलता येते हे दाखवले. आज पोटाच्या चरबीच्या दोन थरांमधल्या पडद्याच्या पातळीवर, फक्त वरचा पातळ थर उचलून फ्लॅप घेता येतो. कपड्याच्या घडीइतकी लवचीक कातडी बोटाभोवती बसते.

तरीही ‘हात पोटाला शिवणे’ संपलेले नाही. सुट्या फ्लॅपला सूक्ष्मदर्शक लागतो, तासन्‌तास बसून जोडकाम करणारे हात लागतात आणि रात्रभर रक्तप्रवाहावर नजर ठेवणारी माणसे लागतात. हे सगळे जिथे नाही तिथे जुना देठ अजून भरवशाचा आहे. ती शस्त्रक्रिया कमी सामानात होते आणि फसली तर सावरायला वेळ देते.

*

अंटियांच्या गोष्टीत शेवटी एक वळण आहे. इतकी बारीक कारागिरी हाती असलेल्या या माणसाने १९७५ मध्ये लोकारोग्यावर संशोधन करणारी संस्था स्थापली. कोकणातल्या मांडव्याला आणि पुढे पुरंदर तालुक्यातल्या परिंच्याला गावातल्या बायकांनाच आरोग्याचे काम शिकवण्याचे प्रयोग केले. आजार मोठ्या रुग्णालयाच्या दारात येण्याआधी गावातच गाठावा, हा त्यामागचा विचार.

कडबाकुट्टीला तो तंतोतंत लागू पडतो. मळणी यंत्रांनी देशभर तोडलेल्या हातांमुळे संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा केला. वैरण सरकवायच्या तोंडावर लांब झाकण असले, रूळ उलटे फिरवण्याचा दांडा हाताशी असला, तर कुठलाही फ्लॅप लागत नाही. सर्वांत पातळ कातडी वाचवण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय.

आणि तो चुकलाच, तर पेठचा माणूस पुण्याला जातो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर डॉक्टर आधी चाकू उचलत नाहीत. जखमेवर कापडाचा तुकडा ठेवतात, कडेने कापून माप घेतात, ते पोटावर पसरतात आणि भोवती रेघ ओढतात. नंतर तीन आठवडे मोजतात. कावसजीच्या कपाळावरचे मेण आणि त्याचे पंचवीस दिवस आजही तिथे हजर असतात. हजेरीत नाव नाही ते फक्त मोजणाऱ्याचे.